मुक्या प्राण्याशी करार

घरी लहानसे कुत्रे आणावे की न आणावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे कोणी म्हटल्यास पुष्कळांस हसू येईल. हा तर हौसेचा प्रश्न. आणि हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हणच आहे. मुलांनी हट्ट धरावा, आईने चार दिवस नको नको म्हणावे, बापाने एका रविवारी मुलांस घेऊन बाहेर पडावे, आणि सायंकाळी कापसाच्या गोळ्यासारखे एक पिल्लू टोपलीतून घरी यावे, इतका हा साधा व्यवहार. यात नीती-अनीतीचा संबंध कोठे आला? प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, तो संबंध नेमका त्या म्हणीच्या ठिकाणीच येतो. ज्या हौसेचे मोल आपण स्वतः मोजतो तिला मोल नाही असे म्हणण्यास आपण मुखत्यार आहोत. पण जिचे मोल चुकते करण्याचा प्रसंग दुसऱ्या जिवावर येऊ शकतो, तिचा हिशेब आधी मांडणे हे कर्तव्यच होय. हा हिशेब मांडणाऱ्यास आपल्याकडे कंजूष म्हणतात. ते का अन्यायाचे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

मराठीतील 'पाळणे' हे क्रियापद या बाबतीत मोठे बोलके आहे. आपण कुत्रे पाळतो, वचन पाळतो, व्रत पाळतो, आणि सुतकही पाळतो. या सर्व ठिकाणी मुदतीची अट गृहीत धरलेली असते. चातुर्मासाचे व्रत श्रावण संपताच कंटाळा आला म्हणून सोडले, तर ते दोन महिने पाळले असे म्हणून कोणी समाधान मानीत नाही. ते मोडले असेच म्हणतात. अलीकडे मात्र 'कुत्रा पाळला' याऐवजी 'कुत्रा घेतला' असे म्हणण्याचा प्रघात पडत चालला आहे. घड्याळ घ्यावे, खुर्ची घ्यावी, तसा कुत्रा घ्यावा. घेतलेली वस्तू विकता येते, कोणास देऊन टाकता येते, माळ्यावर ठेवून विसरताही येते. पाळलेल्या जिवाची गोष्ट तशी नाही, हे आपल्या भाषेला ठाऊक होते. ते विसरण्याची घाई आपणांस झालेली दिसते.

मग ही मुदत किती? येथे 'लहान' हा शब्दच माणसास चकवितो. लहान कुत्रे म्हणजे लहान काम, लहान खर्च, लहान जबाबदारी, अशी समजूत मनात नकळत घर करते. वस्तुस्थिती बरीच उलटी आहे. प्राण्यांच्या निरनिराळ्या जाती घेतल्या तर सामान्यतः मोठ्या देहाचा प्राणी अधिक जगतो. हत्तीचे आयुष्य उंदराच्या वाट्यास येत नाही. पण कुत्र्यांच्या आपसात हा नियम फिरतो. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा आठ-दहा वर्षांत म्हातारा होऊन मरतो, आणि मांडीवर मावणारे पॉमेरेनियन किंवा डॅक्सहुंड बारा ते सोळा वर्षे जगते. म्हणजे देह जेवढा लहान तेवढी वचनाची मुदत लांब. बारा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणविलेले पिल्लू तो मुलगा अठरा वर्षांचा होऊन दुसऱ्या गावी शिकावयास जातो तेव्हा ऐन मध्यम वयात असते. तो बाविसाव्या वर्षी परदेशी जातो तेव्हा त्याचे केस पांढरे होऊ लागतात. आणि मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना ते आंधळे होऊन भिंतीला धडकत असते. ज्याच्यासाठी आणले त्याचे बालपण संपले, पण कुत्रे संपलेले नाही. तेव्हा ते कोणाचे? माझ्या पाहण्यात तरी बहुधा ते त्याच आईचे होते, जिने पहिले चार दिवस नको म्हटले होते. तिच्या त्या नकारात हिशेब होता आणि बापाच्या होकारात तो नव्हता, एवढेच येथे नमूद करतो.

पैशाची गोष्ट गौण नाही. समजा, लहान कुत्र्याचा सर्व मिळून सरासरी खर्च महिना तीन हजार रुपये धरला, तर वर्षाचे छत्तीस हजार, आणि चौदा वर्षांचे पाच लाख चार हजार होतात. आकडा कोणी कमी धरावा, कोणी अधिक. गुणाकार मात्र करावा. पिल्लाची किंमत या बेरजेत इतकी किरकोळ ठरते की, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे फारच सौम्य वाटू लागते. आणि या खर्चात खाण्याचा वाटा लोक समजतात तेवढा मोठा नसतो. पाच किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाकाठी साडेतीनशे-चारशे कॅलरींचे अन्न पुरते; एका माणसाच्या जेवणाचा तो चौथा हिस्साही नाही. खर्च आहे तो त्याला जिवंत व निरोगी ठेवण्याचा. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लशी टोचाव्या लागतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्वो हा रोग पिल्लांस चार-सहा दिवसांत नेतो, आणि त्याचे विषाणू जमिनीत महिनेच्या महिने टिकतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस द्यावी लागते, आणि ती पुढे ठरलेल्या वेळी पुनः पुनः द्यावी लागते. कारण त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की कुत्रा काय आणि माणूस काय, सुटका जवळजवळ नाहीच. आपल्या हवेत गोचिडांचा उपद्रव बारमाही असतो, आणि त्यांच्याबरोबर रक्तातील ताप येतात. शिवाय जंताची औषधे, नसबंदी, महानगरपालिकेचा परवाना, ही यादी कोणताही पशुवैद्य पाच मिनिटांत देईल.

लहान कुत्र्यांची काही दुखणी मात्र त्यांच्या लहानपणातूनच निघालेली आहेत, आणि ती विचार करण्यासारखी आहेत. कुत्र्याच्या तोंडात बेचाळीस दात असतात; मोठ्या अल्सेशियनच्या जबड्यात तेवढेच आणि वाटीएवढ्या तोंडाच्या पॉमेरेनियनच्या जबड्यातही तेवढेच. दाटीवाटीने बसलेले हे दात लवकर किडतात, हिरड्या सुजतात, आणि भूल देऊन ते साफ करावे किंवा उपटावे लागतात. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका चपटी होणे, उतारवयात हृदयाची झडप निकामी होणे, ही या छोट्या जातींची नेहमीची दुखणी. यांपैकी कोणतेही त्या बिचाऱ्याने कुपथ्य करून ओढवून घेतलेले नसते. माणसास लहान खेळणे हवे होते म्हणून माणसाने पिढ्यानुपिढ्या निवड करून त्याचा देह आखडला. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक छोटा पॉमेरेनियन आणला, आणि मग इंग्लंडात ती मूळची बऱ्यापैकी मोठी जात लहान लहान करण्याची चढाओढ लागली. राणीची आवड आणि कुत्र्याचा गुडघा यांचा संबंध असा आहे.

आपल्याकडे राण्यांचे काम जाहिराती करतात. २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या नाकाचे पग जातीचे कुत्रे एका लहान मुलाच्या मागे मागे सर्वत्र जाताना दाखविले गेले, आणि थोड्याच अवधीत शहरांतील मध्यम वर्गात पगची मागणी बेसुमार वाढली. आता, कुत्रा मुख्यत्वे धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालवितो. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ज्याचे नाकच दाबून टाकलेले आहे त्याने वैशाखातील नागपुरात किंवा घामट मुंबईत धापा तरी किती टाकाव्या? उन्हातून फिरविलेला पग कोसळतो तो याच कारणाने. जाहिरातीत कुत्रे मुलाच्या मागे जाते, एवढेच दिसते. मुलाच्या घरच्यांनी त्या कुत्र्याच्या मागे दवाखान्यापर्यंत जाण्याचा भाग चित्रित करण्याचे कारण कंपनीस नव्हते; पण पाहणाऱ्याने तो मनाने पुरा करावयास हवा होता.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व पाश्चात्त्य पद्धतीने पाळण्याचा बडेजाव आहे. आपल्या पूर्वजांनी हिशेब न मांडता कुत्र्यांवर दया केली. हे खरे आहे. वैश्वदेवात श्वानासाठी बली काढून ठेविला जाई. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. खंडोबाबरोबर त्याचे कुत्रे असते, आणि जेजुरीचे वाघे कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खातात. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्यांच्या ठायी पंडिताने समदृष्टी ठेवावी त्यांत कुत्र्याचे नाव आहे. परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: कुत्रे दारचे आहे, घरचे नाही. त्याला चतकोर घालणारा दुसऱ्या दिवशी परगावी गेला तर ते शेजारच्या दारी जाते. ही दया आहे, आणि ती थोर आहे. पण दया ही क्षणाची असू शकते. दायित्व क्षणाचे असू शकत नाही. दारच्या कुत्र्याचे जग शंभर दारांचे असते. घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत त्यांतली नव्याण्णव दारे आपण आपल्या हाताने बंद केलेली असतात. म्हणून उरलेल्या एका दाराचे काम शंभरपट वाढते.

दया आणि दायित्व यांतील हा फरक मुंबईच्या इतिहासात एकदा फार स्पष्ट दिसला. १८३२ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कडक केला तेव्हा शहरातील पारशी मंडळी खवळून उठली, आणि त्यांस इतरही मिळाले. बाजार बंद पडले, दंगा झाला. ही झाली दयेची उसळी. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरास पांजरपोळ उभी राहिली. मला या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. दंग्यास एक दिवस पुरतो. पांजरपोळीस रोज सकाळी वैरण लागते, पाणी लागते, नोकरांचा पगार लागतो. आणि तो कोठून येणार हे आदल्या दिवशी ठाऊक असावे लागते. त्या व्यापाऱ्यांना वहीखाते ठेवण्याची सवय होती. त्यांच्या भूतदयेस ती सवय आड आली नाही, उलट त्या सवयीमुळेच त्यांची भूतदया टिकली.

आणि महाभारत? त्याच्या आरंभी आदिपर्वात सरमेच्या निरपराध पिल्लास जनमेजयाचे भाऊ मारतात, आणि ती देवशुनी राजास शाप देते. शेवटी महाप्रस्थानात धर्मराज एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारी अडून बसतो. या दुसऱ्या प्रसंगाचे वर्णन आपण धर्मराजाची दया म्हणून करतो; पण मूळ कथेत त्याचा युक्तिवाद दयेचा नाही. जो भक्तीने आपल्या आश्रयास राहिला त्याचा त्याग हे महापातक आहे, असे तो म्हणतो. ते कुत्रे त्याने विकत आणले नव्हते, हस्तिनापुराहून बोलाविलेही नव्हते. ते आपण होऊन मागे आले होते. तरीही केवळ त्याच्या विसंबून राहण्यानेच ऋण उत्पन्न झाले, अशी धर्मराजाची भूमिका आहे. मग ज्याने पैसे मोजून, आईच्या कुशीतून उचलून, दुसरा आश्रयच राहू नये अशा रीतीने एक जीव आपल्यावर विसंबावयास लाविला, त्याचे ऋण किती?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या ऋणाचा विचार निराळ्या वाटेने केला. कांटच्या मते इमानी पण निरुपयोगी झालेल्या कुत्र्यास गोळी घालणारा मनुष्य कुत्र्याचा अपराधी नव्हे, कारण कुत्र्यास विवेक नाही. तो स्वतःतील माणुसकी दुखवितो, एवढेच. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच्या उलट असे विचारले की, प्राण्यास विवेक आहे की नाही हे कशाला पाहता, त्यास वेदना होते की नाही ते पाहा. मला बेंथमचा प्रश्न अधिक मर्माचा वाटतो. तथापि पाळीव कुत्र्याच्या बाबतीत तोही अपुरा पडतो. वेदना तर रानातल्या कोल्ह्यासही होते, पण त्याच्या दातदुखीची जबाबदारी माझ्यावर नाही. आपल्या १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीशी केलेला करार कुचकामाचा ठरतो, कारण तिला अटी समजत नाहीत. कुत्रे हे तर जन्मभर अज्ञानच. त्यास अटी समजत नाहीत, तोडण्याची मुभा नाही, आणि मोडल्यास दाद मागता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने अटी वाचण्याचे काम वचन देणाऱ्यासच करावे लागते. मालकापेक्षा विश्वस्त हा शब्द येथे अधिक चपखल आहे.

कायद्याने या कामी फारसे साह्य केले आहे असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. पुरेसे अन्नपाणी न देणे, नेहमी साखळीने बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सबळ कारणावाचून प्राणी सोडून देणे, हे सर्व त्यात अपराध म्हणून गणले आहेत. ही कलमे लिहिणाऱ्याने कुत्री पाहिली होती खास. पण पहिल्या अपराधास दंड ठरविला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आज पशुवैद्याकडे जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे सुटत नाही.

आता या विवेचनावर जो खरा आक्षेप आहे तो घेतो. हिशेबाचा एवढा आग्रह धरला तर कुत्रे हे श्रीमंतांचेच व्हावयाचे काय? पदपथावर झोपणारा मजूर आपल्या भाकरीतला तुकडा ज्यास देतो, त्या कुत्र्याचे डोळे बंगल्यातल्या कुत्र्याच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ वेळा अधिक समाधानी दिसतात. हे मलाही दिसते. त्याचे कारण असे की, हिशेब रुपयांचा आहे तसा तासांचाही आहे, आणि तासांच्या नाण्यात तो मजूर श्रीमंत आहे. त्याचे कुत्रे दिवसभर त्याच्याजवळ असते. नवराबायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडून सायंकाळी सातला परतणार, अशा घरात बंद दाराआड अकरा तास वाट पाहणाऱ्या कुत्र्यास महागड्या खाद्याची पिशवी काय कामाची? जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक फार जुने दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. दोन माणसे आणि त्यांच्याजवळ सुमारे सात महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू. त्याचे दात तपासून संशोधकांनी २०१८ साली असे मांडले की, त्या पिल्लास डिस्टेंपर हा दुर्धर रोग झाला होता, आणि तरीही ते कित्येक आठवडे जगले. म्हणजे कोणी तरी त्यास पाणी पाजले असावे, ऊब दिली असावी, घाण काढली असावी. शिकारीवर जगणाऱ्या त्या माणसांना आजारी पिल्लाचा उपयोग शून्य होता. त्यांच्याजवळ पैसाही नव्हता. त्यांच्याजवळ जागरणे होती, आणि ती त्यांनी खर्च केली. म्हणून गरिबाने कुत्रे पाळू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याजवळ ना पैसा ना वेळ, केवळ हौस आहे, त्याने पाळू नये. गणपतीत कोकणात जाताना ते कोठे राहील, दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली थरथरत बसेल तेव्हा कोण जवळ बसेल, बदली झाली तर काय, हे प्रश्न त्याने पिल्लू पाहावयास जाण्यापूर्वी विचारावे. कारण पिल्लू एकदा दृष्टीस पडल्यावर या प्रश्नांची खरी उत्तरे देण्याची शक्ती माणसात राहत नाही.

यांहून कठीण प्रश्न अखेरच्या दुखण्याचा. तेरा वर्षांचे कुत्रे हृदयविकाराने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन दवाखान्याच्या मेजावर पडलेले असते. डॉक्टर तीन वाटा सांगतात: खर्चाचा व अनिश्चित उपचार, केवळ त्रास कमी ठेवण्याचे औषध, किंवा सुईने शांत मरण. या तिसऱ्या वाटेचा उच्चारही पुष्कळ घरांत पाप समजला जातो. १९२८ साली महात्मा गांधींनी आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासरास सुई देऊन मरण आणविले, तेव्हा देशभर केवढा गदारोळ उठला होता. गांधीजींची बाजू मला पटते: ज्याची वेदना हटविता येत नाही आणि ज्यास ती का भोगावयाची हे समजावून सांगता येत नाही, त्यास ती भोगावयास लावणे ही अहिंसा नव्हे. पण या तत्त्वाचा आश्रय घेताना एक धोका असतो, आणि तो आपल्या मध्यमवर्गीय घरांत मोठा आहे. 'त्याचे हाल पाहवत नाहीत' या वाक्यात कधी त्याचे हाल असतात, कधी आपले पाहणे असते, आणि कधी केवळ दवाखान्याचे बिल असते. बोलणाऱ्यालाही त्यांतले कोणते बोलले गेले हे नीट कळत नाही.

नेमके येथेच आधी मांडलेल्या हिशेबाचे काम पडते. दरमहा बाजूस टाकलेली रक्कम औषधे आणतेच. पण तिचा खरा उपयोग असा की, त्या मेजापाशी उभे असताना पैशाचा आवाज बारीक होतो, आणि समोरच्या जिवाला काय हवे हा एकच प्रश्न ऐकू येऊ शकतो. ज्याने काही साठविले नाही त्यास हा प्रश्न शांतपणे ऐकण्याची चैन परवडत नाही. त्याचा निर्णय त्याची थैली करते आणि नाव दयेचे पडते. उलट अपराधी मनाने कर्ज काढून, मरणोन्मुख कुत्र्यास सुया टोचवून आठ दिवस अधिक जगविणाराही मला विशेष प्रेमळ वाटत नाही. अशा घराने निर्णय कोणी करावा हे आधी ठरवून ठेविलेले बरे, आणि तो बहुधा त्या व्यक्तीने करावा जिने इतकी वर्षे त्यास खाली फिरविले. परदेशातून दूरध्वनीवर रडणाऱ्या मुलाने नव्हे.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त दांपत्य आहे. पती सहासष्ट वर्षांचे, पत्नी बासष्टच्या. मुले दूरदेशी. घर खावयास उठते म्हणून एक पॉमेरेनियनचे पिल्लू आणावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि या विषयावर माझी मते ऐकून असल्यामुळे त्यांनी मला विचारले. वय झाले म्हणून कुत्रे पाळू नका, असे सांगणे मला निष्ठुरपणाचे वाटले. त्यांच्याजवळ वेळ होता, माया होती, निवृत्तिवेतन होते, आणि घर तळमजल्यावर होते. पण पिल्लाची मुदत चौदा वर्षांची, म्हणजे त्यांची ऐंशी व शहात्तर. मी त्यांस म्हटले की, पिल्लू आणू नका. निराधार प्राण्यांच्या एखाद्या आश्रयगृहात जा, आणि कोणी तरी 'घेतलेले' व नंतर नकोसे झालेले सात-आठ वर्षांचे लहान कुत्रे तेथे पाहा. तशा कुत्र्यांस सहसा कोणी विचारीत नाही. त्याची राहिलेली मुदत आणि तुमची उमेद यांचा मेळ बसतो. शिवाय तुमच्यानंतर, किंवा तुम्ही रुग्णालयात असताना, त्यास कोण नेणार, हे त्या व्यक्तीस विचारून एका कागदावर लिहून ठेवा, आणि त्याच्या औषधांसाठी एक वेगळे खाते उघडा. काका थोडा वेळ गप्प राहिले. काकूंनी मात्र लगेच विचारले, आठ वर्षांच्या कुत्र्याच्या दातांची तपासणी आणल्याबरोबर करून घ्यावी, की आधी त्याला चार दिवस घर ओळखू द्यावे?